घंटीतलं रबर

शास्त्रज्ञाचा फोन आला तेव्हा आजोबांना जाऊन आठ महिने झाले होते. शास्त्रज्ञ म्हणजे माझा चुलतभाऊ. सात वर्षांचा असताना त्याने काकांचा रेडिओ उघडला, आणि परत बंद केला तेव्हा तीन स्क्रू उरले. त्या दिवशी आजोबांनी त्याला ही पदवी दिली. आता तो मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. फळं फोडायची, रत्नं गोळा करायची, असले गेम.

"ताई," तो म्हणाला, "मी आजोबांवर गेम करतोय. छोटासाच. गोष्टीचा."

"आजोबांवर गेम? ते काय सोंगटी आहेत?"

"तसा नाही गं. त्यात मारामारी नाही, गुण नाहीत. आजोबांच्या दुकानात फिरायचं, वस्तू उचलून बघायच्या, ते आपल्याशी बोलतात, आणि हळूहळू त्यांची गोष्ट कळत जाते. मला त्यांची फार आठवण येते."

मला शिसारीच आली. आठवण येते म्हणे! जाण्याआधी आजोबा दीड वर्ष अंथरुणाला खिळून होते. त्या दीड वर्षात हा गृहस्थ तीनदा आला. दोनदा खुर्चीत बसून फोन चाळत राहिला आणि तिसऱ्यांदा दारातच थांबला, नाकाला रुमाल लावून. आजोबा त्याच्याकडे बघतायत आणि हा रुमालाआडून विचारतोय, "कसं वाटतंय आता?" निळा रुमाल होता, चौकटीचा. अजून तसला रुमाल कुणाच्या हातात दिसला की माझ्या घशाशी येतं.

तरी मी मदत करीन म्हटलं. नाही म्हटलं असतं तर त्याने त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, विचारून केला असता, आणि काकूंना आजोबा काय ठाऊक, कपाळ! त्यांच्या लेखी आजोबा म्हणजे फोटोत मागच्या रांगेत उभं करायचा माणूस, हात दिसू नयेत म्हणून.

हात काळेच होते. आजोबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन इमारतींमधला बोळ, वर पत्रा टाकलेला. सायकल आडवी लावली तर जायला वाट राहायची नाही. एका बाजूला टायरी लटकलेल्या, दुसरीकडे पान्ह्यांची फळी, आणि मधे पंक्चर पाहायचं पाण्याचं घमेलं. त्या घमेल्याच्या शेजारी एका स्टुलावर माझं बालपण गेलं, कारण बाबा नव्हते, आई कामावर जायची, आणि शाळा सुटल्यावर मला ठेवायला दुसरी जागा नव्हती. मी सारखी हुकूम सोडायचे म्हणून आजोबा मला फौजदार म्हणायचे.

गोड माणूस नव्हते ते, अजिबात नाही. गिऱ्हाईकाने घरी स्वतः काही खटपट करून मग सायकल आणली, तर आजोबा चाकाकडे बघायचे, मग त्याच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "कुणी हात लावला याला?" भल्याभल्यांची गाळण उडायची. एकदा कुणी टायर ओढताना ट्यूब पिळली, तर म्हणाले, "अहो, ट्यूब आहे ती, सासूची मान नाही." पण हात असा, की घमेल्यात बुडबुडा दिसला नाही तरी भोक सापडायचं. ट्यूब फुगवून डोळे मिटायचे आणि ती पापणीजवळून हळूहळू फिरवायची. सुईच्या टोकाएवढी हवा असली तरी पापणीला लागते. गालाला नाही लागत, बोटाला तर नाहीच.

आणि एक नियम होता. मुकी सायकल घरी पाठवायची नाही. माणूस नुसती हवा भरायला आलेला का असेना, आजोबा घंटी दाबून बघायचे. गंजलेली असली की टोपी फिरवून काढायची, आतल्या चकत्या पुसायच्या, तेलाचा थेंब सोडायचा, परत बसवायची. त्याचे पैसे नाहीत. सायकल हातात देताना घंटी दोनदा वाजवायची आणि मगच हँडल सोडायचं. दोनदाच का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. घंटी उघडायला मला त्यांनी शिकवलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. पुढे ते मला कुठे उपयोगी पडलं ते सांगते.

आजोबांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. फौजदारमधला 'फौ' तेवढा उरला. हाक मारता येईना, तेव्हा मीच दुकानातली एक घंटी आणून त्यांच्या पलंगाच्या डाव्या दांडीला बसवली. पहिल्यांदा वाजवली तेव्हा म्हातारा हसला, अर्ध्या तोंडाने. चार दिवस मलाही मोठी मौज वाटली.

मग नाही वाटली. मी घरून काम करते. पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या कंपनीच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या, दहा ते सहा, कानाला हेडफोन. पाणी गढूळ येतंय, नळ गळतोय, माणूस आलाच नाही. मी म्हणायचं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे." दिवसाला साठ वेळा. आई सकाळी आठला कामावर जायची ती संध्याकाळी सातला यायची. मधे मी, आजोबा आणि ती घंटी. पाणी हवं, घंटी. कूस बदलायची, घंटी. चादर खराब झाली, घंटी. आणि चादर दिवसातून तीनदा खराब व्हायची. मी हेडफोन काढून धावायचे, त्यांना पुसायचे, हात धुवून परत येऊन बसायचे, तोवर कॉल तुटलेला. हाताचा वास जायचा नाही. जेवताना घास तोंडाशी नेला की तोच वास. खोटं कशाला बोलू, मला किळस यायची. शास्त्रज्ञाच्या रुमालाला मी नावं ठेवते, पण माझा रुमाल आत होता एवढंच. मग एक दिवस कंपनीतल्या माझ्या वरच्या बाईंचा फोन आला: "तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये सायकलची घंटी ऐकू येते. पुन्हा आली तर विचार करावा लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांना झोप लागली असताना मी घंटीची टोपी काढली. दुकानातल्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून चकत्यांभोवती गच्च बसवली आणि टोपी परत फिरवली. सहा वाजता काढून टाकायची, असं ठरवूनच बसवली होती.

साडेदहाला त्यांनी खटका दाबला. खर्र. एवढाच आवाज, दात फिरल्याचा. मी समोरच्या खोलीत होते, दार उघडं होतं, फोनवर कुणीतरी गढूळ पाण्याबद्दल ओरडत होतं. त्यांनी परत दाबला. खर्र. मग अंगठा टोपीवर ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला, आई कपाळावर हात ठेवून ताप बघते तसा. ज्या माणसाने जन्मभर घंट्या बोलत्या केल्या त्याला काय कळायचं राहणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गिऱ्हाईकाकडे बघायचे तसं. कुणी हात लावला याला? मग हात चादरीत घेतला.

सहाला मी रबर काढलं. मुद्दाम एकदा वाजवूनही दाखवली. पण त्यानंतर चार महिने, जाईपर्यंत, आजोबांनी त्या घंटीला बोट लावलं नाही. ओल्या चादरीत तसेच पडून राहायचे. मी सहाला उठून जायचे तेव्हा पाठ लाल झालेली असायची. मी रोज दहाला रबर घालायचे आणि सहाला काढायचे, पण वाजवणारच नाहीत म्हटल्यावर पुढे पुढे काढायचाही कंटाळा केला. ते आतच राहिलं. आजोबा गेले, पलंग विकला, घंटी काढून एका पत्र्याच्या डब्यात टाकली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

तर शास्त्रज्ञ घरी आला. मी कॉलवर होते. त्याने हाताने विचारलं, वस्तू कुठायत? मी हाताने कपाट दाखवलं. पान्हे, पंप, आजोबांचा चष्मा असं काय काय त्याने पिशवीत भरलं आणि डबाही नेला. माझ्या लक्षात आलं तेव्हा तो गेलेला. मी त्याला फोन केला, "डब्यातलं काही उघडू नकोस हं, जुनं आहे, मोडेल." कुणाला सांगत होते मी? रेडिओ उघडणाऱ्याला!

पुढचे दोन महिने माझा जीव टांगणीला लागला होता. त्याचा फोन आला की वाटायचं, आता घंटीचं विचारणार. पण तो विचारायचा भलतंच. "आजोबांचं आवडतं वाक्य कोणतं?" मी म्हटलं, सासूची मान. तो म्हणाला, "तसलं नको, जरा अर्थपूर्ण." घंटीचं नाव नाही. मला वाटलं, सुटले.

एका रविवारी काकूंच्या घरी सगळ्यांना बोलावलं. काका, काकू, आई, मी आणि आणखी सात-आठ नातेवाईक, ज्यांना आजोबा आजारी असताना आमच्या घराचा पत्ता सापडत नव्हता. मोठ्या टीव्हीवर गेम लावला. सोनेरी उजेड, बासरी. दुकान केवढं मोठं! आजोबांचे हात स्वच्छ, गुलाबी. बोळात फुलपाखरू उडतंय. ग्रीसचा एक डाग नाही कुठे. एक लहान मुलगा स्टुलावर बसलाय, आणि स्टुलावरची मुलगी कुठे गेली कोण जाणे. आजोबा ट्यूबला सोल्युशन लावतात आणि लगेच ठिगळ चिकटवतात. अरे, सुकू तर दे! ओल्या सोल्युशनवर ठिगळ लावलं तर दुसऱ्या वळणावर सायकल बसेल. आणि तोंडाने काय म्हणतात? "बाळा, आयुष्य म्हणजे चाकासारखं असतं."

"किती खरं आहे," काकू म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

मला किळस आली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते इथे खोलीभर उतू चाललं होतं आणि जो तो बोट बुडवून चाटत होता. जिवंतपणी ज्यांना त्या माणसाचा वास सहन झाला नाही ते आता रडत होते, कारण टीव्हीला वास नसतो.

मग शेवटचा भाग आला. पलंग, त्यावर आजोबा, दांडीला घंटी. समोरच्या खोलीत पाठमोरी एक मुलगी, कानाला हेडफोन. आजोबा मुलीकडे प्रेमाने बघतात. मग डाव्या हाताने उशीखालून रबराची पट्टी काढतात, घंटीची टोपी फिरवतात, पट्टी आत ठेवतात आणि टोपी बसवतात. खटका दाबतात. खर्र. खराखुरा आवाज, माझ्या ओळखीचा. आजोबा हसतात आणि डोळे मिटतात. बासरी.

"मी घंटी उघडली," शास्त्रज्ञ उठून सगळ्यांना सांगायला लागला. "आत खरंच रबर निघालं. ताईच्या कामात अडथळा नको म्हणून त्यांनी स्वतःची घंटी स्वतः बंद केली. कुणाला बोललेसुद्धा नाहीत. हे कळलं तेव्हा मी दोन दिवस काही काम करू शकलो नाही."

"देवमाणूस!" काका म्हणाले. मागून कुणीतरी नाक शिंकरलं.

गप्प बसले असते तर मी जन्माची सुटले असते. कुणालाही कळलं नसतं. आजोबांच्या त्यागाचा गेम झाला असता आणि मी त्या त्यागाची लाडकी नात. आयतं पांघरूण घातलं होतं अंगावर. आणि इतका वेळ त्या खोलीतल्या प्रत्येकाची मला जी किळस येत होती ती सगळीच्या सगळी माझ्यावर उलटली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय करत होते मी?

"ते रबर मी घातलं," मी म्हटलं.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. मी उठून परत म्हटलं, "ते रबर आजोबांनी नाही घातलं. मी घातलं. मला त्यांच्या घंटीचा वीट आला होता. त्यांना कळलं आणि मग त्यांनी ती कधीच वाजवली नाही."

आई म्हणाली, "मला वाटलं त्यांच्या अंगठ्यातलं बळ गेलं. मी डॉक्टरांना तसंच सांगितलं होतं गं."

काकूंनी सावरून घेतलं. "असेल गं, दमली असशील तू. कुणाचं काय चुकत नाही? पण आता कशाला ते? किती सुंदर झालंय बघ. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. राहू दे ना असंच."

"राहू दे काय, काकू? माझा घाणेरडेपणा आजोबांच्या नावावर मांडलाय तुम्ही, आणि वर तो सुंदर दिसतोय म्हणताय!"

"काय बोलते ही मुलगी!" काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला निघून गेल्या. मी चपला घातल्या.

शास्त्रज्ञ जिन्यात मागे आला. मला वाटलं आता समजूत घालणार, आणि घातली असती तर मी त्याला ढकलून दिलं असतं. पण त्याने विचारलं, "पुढे काय झालं? त्यांनी काय केलं?"

मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. साडेदहा वाजले होते ते, दोनदा झालेली खर्र, टोपीवरचा अंगठा, ती नजर, लाल झालेली पाठ. तो उभाच होता. मग म्हणाला, "मी रुमाल लावला होता."

"माहितेय. निळा. चौकटीचा."

"तोही घालू का त्यात?"

"तू ठरव," मी म्हटलं.

त्याने फुलपाखरू काढलं. बासरी काढली. मी त्याच्या शेजारी बसून एकेक गोष्ट उकरून काढली. हात काळे कर, नखात घाण भर. बोळ अरुंद कर, अजून अरुंद. सोल्युशन सुकेपर्यंत खेळणाऱ्याला थांबू दे, कंटाळला तर कंटाळू दे. भोक सापडेना तर पापणीशी धरायचं, म्हणजे पडदा काळा होईल आणि फक्त हवेचा आवाज येईल. चाकासारखं आयुष्य काढलं आणि सासूची मान घातली. पलंगाच्या खोलीत दारात उभा नातू आला. काही केलं तरी त्याचा रुमाल खाली घेता येत नाही. आणि रबर खेळणाऱ्याच्या हातात दिलं. हेडफोनमधून माणूस ओरडतोय, घंटी वाजतेय, आणि टोपी फिरवल्याशिवाय गेम पुढे जात नाही. हे सगळं करताना आमची इतकी भांडणं झाली की त्याच्या शेजाऱ्यांना वाटलं इस्टेटीचा वाद आहे.

आवाज नव्याने रेकॉर्ड करायचा होता. त्याने घंटी माझ्या हातात दिली. मी टोपी उलटी फिरवली, पट्टी ओढून काढली, चकत्या पुसल्या, तेलाचा थेंब सोडला, टोपी बसवली आणि दाबली. खणखणीत वाजली. मला तो आवाज मोठा वाटला, आमच्या घरात होता त्याहून मोठा. "आणखी एकदा," तो म्हणाला. मी आणखी एकदा वाजवली.

"शेवटी ही एकदा वाजू दे का?" त्याने विचारलं. "अगदी शेवटी. खेळणाऱ्याला बरं वाटेल."

"नाही."

"मग हा आवाज कुठे वापरायचा?"

"आधी. दुकानात. सायकल देताना दोनदा. त्याशिवाय हँडल सुटायचं नाही."

तसंच केलं त्याने. गेम झाला. काकूंना आवडला नाही, काकांनी अर्ध्यात बंद केला. आईने एकदा पूर्ण खेळला आणि मग त्याबद्दल बोलली नाही, फक्त दोन दिवस भाजीत मीठ घालायला विसरली.

मी रोज सहा वाजता हेडफोन काढते आणि गेम लावते. बोळात सायकल येते, मी ट्यूब काढते, घमेल्यात बुडवते, सोल्युशन सुकायची वाट बघते. आजोबा शेजारून खेकसतात. वाकडं चाक सरळ करायचं असतं, कुणाची चेन पडलेली असते. झालं की घंटी दोनदा वाजवते आणि हँडल सोडते. सायकल जाते. बोळाच्या मागच्या टोकाला एक दार आहे. त्यातून गेलं की पलंगाची खोली.

शास्त्रज्ञ फोन करून विचारतो, "ताई, आतल्या खोलीत गेलीस का?"

मी म्हणते, "जाईन रे. दुकानात गिऱ्हाईक आहे अजून."